पाच चवींचा अर्क

विश्राम गुळवणींची जीभ डिसेंबरात रिटायर झाली. ना नोटीस, ना निरोपसमारंभ. सिडनीत बाहेर बेचाळीस डिग्री आणि अंगात एकशे दोन ताप, असा एक आठवडा काढून गृहस्थ उठले, सुनेने दिलेल्या चहाचा घोट घेतला, आणि त्यांना वाटलं, हिने आज नुसतं गरम पाणीच आणून दिलंय. बोलणारच होते, तेवढ्यात कपात बघितलं. चहा चांगला दाटसर होता, वर आल्याचा कीससुद्धा तरंगत होता.

आता तुमची-आमची चव गेली असती तर आपण काय केलं असतं? घरात सांगितलं असतं, डॉक्टरकडे गेलो असतो, दोन दिवस सगळ्यांकडून हळहळ करून घेतली असती. पण विश्रामकाका तुमच्या-आमच्यातले नव्हते, निदान त्यांच्या स्वतःच्या मते. एकतीस वर्षं नगरपालिकेच्या पाणीपुरवठ्यात काढलेली. प्रयोगशाळेचा रिपोर्ट यायच्या आधी यांनी ओंजळभर पाणी तोंडात फिरवून सांगायचं, "क्लोरीन जास्त झालंय," आणि रिपोर्टही तेच म्हणायचा. दोनदा जुळलं नव्हतं, पण ते दोन्ही वेळा रिपोर्टच चुकला होता. गावात कुणाकडेही कार्य असो, आचारी मठ्ठ्याची वाटी घेऊन आधी यांच्याकडे यायचा. एवढी त्या जिभेची मिजास.

बायको रेखा गेली आणि मुलगा यतिन त्यांना सिडनीच्या गिरावीन उपनगरात घेऊन आला. यतिन इथे शिकायला आला होता तो इथलाच झाला. घर चांगलं, शेजार चांगला, निम्मी गल्ली तर आपलीच. पण पंधरा दिवसांत काकांच्या ध्यानात आलं की या घरात आपल्याला काही कामच नाही. भांडी मशीन घासतं, गवत यतिन कापतो. नात मयूरा चौदा वर्षांची, ती "आय ॲम फाइन, आजोबा" एवढ्यावर आटोपते. राहिली सून मिताली. ती पॅरामॅटाला चष्म्याच्या दुकानात कामाला, दिवसभर गिऱ्हाइकांशी बोलून तोंड दुखलेलं. सासऱ्याशी तिचं संभाषण म्हणजे "बाबा, हीटर लावू का?" आणि उन्हाळ्यात "बाबा, एसी लावू का?" बस्स.

पण मितालीची एक खोड होती. तिच्या माहेरी स्वयंपाक करताना चाखायचं नाही अशी सक्त शिस्त. देवाला नैवेद्य दाखवायच्या आधी जिभेला लावलं की झालं उष्टं. इथे येऊन रोजचा नैवेद्य केव्हाच सुटला, पण न चाखण्याची सवय काही सुटली नाही. पंधरा वर्षं तिने अंदाजपंचे मीठ घातलं. सासरे आले, आणि तिला एक युक्ती सुचली. संध्याकाळी साडेसहाला ती आमटीची पळी घेऊन बाहेर यायची आणि थोडी निववून दोन थेंब काकांच्या तळहातावर सोडायची.

"बाबा, चव बघा."

पळीला तोंड लागत नाही, म्हणजे उष्टं नाही. काका डोळे मिटून तळहात चाटायचे, क्षणभर थांबायचे, मग निकाल द्यायचे. "चिंच कोळताना हात आखडलास." किंवा, "गोडा मसाला संपत आलाय वाटतं, जुना वास येतोय." आणि तिथून गाडी सुरू व्हायची. मग मिताली पळी हातात धरून तिथेच उभी. दुकानात कोणी काय वेडेपणा केला ते सांगायची, काका रेखाच्या आमटीबद्दल सांगायचे, कधी दोघंही हसायचे. आत कढईत काहीतरी करपेपर्यंत दहा मिनिटं. त्या दहा मिनिटांसाठी काका बाकीचे तेवीस तास पन्नास मिनिटं ढकलत होते, हे त्यांनी कुणाला सांगितलं नव्हतं. असलं काही सांगायची त्यांच्या पिढीत पद्धत नव्हती.

आणि आता जीभच गेली. हे सांगितलं तर पळी बंद. पळी बंद म्हणजे पुन्हा हीटर आणि एसी. म्हणून काकांनी ठरवलं, सांगायचंच नाही. नगरपालिकेतला माणूस, त्याने वेळापत्रक केलं. सोमवारी "मीठ किंचित कमी आहे." मंगळवारी "अजून थोडं आंबट चालेल." बुधवारी "वा!" गुरुवारी "गूळ घाल चिमूटभर." शुक्रवारी पुन्हा मीठ. मिताली त्यांच्या शब्दाबाहेर नव्हती. सांगितलं की घातलं.

घरावर काय ओढवलं असेल ते तुम्हीच बघा. सोमवारची आमटी खाऊन मंगळवारी सकाळपर्यंत तहान लागायची. यतिन प्रत्येक गोष्टीत दही कालवायला लागला. मयूरा पिठल्यावर टोमॅटो सॉस पिळायची, आणि कोणी तिला ओरडत नव्हतं. पण बोलायचं कोणी? बाबांची जीभ चुकत नाही, हे त्या घरातलं ब्रह्मवाक्य. प्रत्येकाला वाटायचं, आपल्याच तोंडाची चव बिघडलीय.

चोर पकडला तो लॉयडने. लॉयड डाबरे, वसईचा. इथे वीस वर्षं ड्राफ्ट्समनची नोकरी करून निवृत्त झालेला, मराठी अशी खणखणीत की मंडळाच्या गणपतीत निवेदन तोच करायचा. सकाळी दोघं पेंडल हिल स्टेशनाजवळच्या बाकावर बसायचे. जुलैतल्या एका थंड सकाळी लॉयडने पिशवीतून मूठभर काहीतरी काढून काकांच्या हातावर ठेवलं. काकांचं लक्ष समोर थांबलेल्या ट्रेनकडे. कुरुम कुरुम खाल्लं.

"कशी आहेत रे केळ्याची वेफर्स?" लॉयडने विचारलं.

"फर्स्ट क्लास. खोबरेल तेलातली दिसतात."

"कारल्याची आहेत, विश्राम."

काकांनी हातातल्या हिरव्या कडांच्या चकत्यांकडे बघितलं. मग बूट बघितले, मग आभाळ बघितलं. आणि मग सगळं सांगून टाकलं, पळीसकट. लॉयडने ऐकून घेतलं आणि म्हणाला, "मितालीला सांग."

"मेलो तरी नाही सांगणार."

"मेल्यावर तू सांगणार तरी कसा? बरं, मग डोरीनला विचारू."

डोरीन म्हणजे लॉयडची बायको. हिच्या कपाटात औषधांच्या एवढ्या बाटल्या की कपडे ठेवायला जागा नाही. सध्या तिचं एका चिनी फळावर प्रेम बसलं होतं. वाळवलेली लाल बारकी फळं, चिनी नावाचा अर्थच पाच चवींचं फळ. त्याचा अर्क घ्यायचा. त्याने यकृत सुधारतं, थकवा जातो, झोप लागते, खोकला थांबतो, डोळ्यांना बरं, रात्रीचा घाम थांबतो. "एवढं सगळं करतं?" काकांनी विचारलं. "फक्त पोरांची लग्नं जमवत नाही," लॉयड म्हणाला. "ते डोरीनने करून बघितलं."

पण 'पाच चवी' हे शब्द काकांच्या मनात रुतले. एकही चव नसलेल्या माणसाला पाच मिळतात म्हटल्यावर तो काय यकृताची चौकशी करणार? दुसऱ्या दिवशी बस बदलून दोघं चिनी औषधांच्या दुकानात.

दुकान मिसेस फंग यांचं. काकांना वाटलेलं, पांढरी दाढी आणि अगम्य काहीतरी पुटपुटणारा म्हातारा भेटेल. समोर साठीची बाई, गळ्यात चष्मा, आणि इंग्रजी असं अस्सल ऑस्ट्रेलियन की काकांना निम्मंच कळलं. निम्मं लॉयडने मराठीत आणून दिलं.

"याने चव परत येते ना?" काकांनी विचारलं.

"मी तरी कुठे वाचलं नाही," बाई म्हणाल्या. "आमच्याकडे हे शेकडो वर्षं वापरतात. खोकल्याला, घामाला, झोपेला. यकृतावर बरेच प्रयोग झालेत. बहुतेक उंदरांवर. माणसांवरचे थोडे, आणि छोटे."

"म्हणजे उंदरांना गुण आला?"

"उंदरांच्या यकृताला. उंदीर काही बोलले नाहीत. तुमची इतर काही औषधं चालू आहेत?"

"छे!" काका ताठ मानेने म्हणाले. रक्तदाबाची गोळी ते बारा वर्षं घेत होते, पण ती काय औषध थोडीच, ती रोजचीच. रात्रीचा त्रिफळा तर घरचाच.

बाईंनी बरणीतली चार फळं काढून त्यांच्या तळहातावर ठेवली. नवीन गिऱ्हाइकाला त्या नेहमी चाखायला द्यायच्या. "नीट चावा. गर गोड-आंबट, बी तिखट-कडू, आणि सगळं मिळून खारट. काय लागतंय?"

तळहातावर काहीतरी आलं, आणि काकांनी सवयीने डोळे मिटले. चावलं. जिभेला खरखर लागली, बाकी सामसूम. "गोड, आंबट," ते म्हणाले, "मग तिखट, कडू, आणि शेवटी खारट."

बाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवला. "मी सांगितलं त्याच क्रमाने लागलं तुम्हाला. बाकी लोकांचं आंबटाने आधी तोंड वाकडं होतं. तुमचं झालं नाही."

बरोबर पकडलेला माणूस काय करतो? उलटा भांडतो. "पण पाचच कशा?" काका कडाडले. "आमच्या आयुर्वेदात रस सहा. तुरट कुठे आहे तुमच्या फळात? अर्धवट शास्त्र!"

लॉयडने भाषांतर केलं, जरा मऊ करून. बाई म्हणाल्या, "तुरट हवं असेल तर कच्चं केळं खा, मेट." आणि बाटली काढून ठेवली. "वीस थेंब, सकाळी. आणि डॉक्टरला सांगा."

"गुण येईल असं म्हणत नाही, मग विकता कशाला?"

"मी नाही म्हटलं म्हणून तुम्ही घ्यायचं थांबणार आहात का? सांगून विकलं की मला झोप लागते."

बाटली घरी आली. आता ती ठेवायची कुठे? वरचं चिनी लेबल मितालीने बघितलं की प्रश्न आले. काकांनी डोकं चालवलं. मितालीच्या बहिणीने, चित्रलेखाने, मेलबर्नजवळच्या क्रेगीबर्नहून दिवाळीला केशराच्या अर्काची बाटली पाठवली होती. ती रिकामी होऊन रिसायकलिंगच्या डब्यात पडलेली. तशीच तपकिरी काच, तसाच ड्रॉपर. काकांनी ती धुतली, चिनी अर्क तीत ओतला आणि 'केशर' लिहिलेली बाटली देव्हाऱ्यात गणपतीच्या मागे लपवली. देवाच्या पाठीमागे कोण बघायला जातं? शिवाय सकाळची पूजा त्यांच्याकडेच. पूजा झाली की वीस थेंब. स्वतःच्या अकलेवर गृहस्थ बेहद्द खूश होते.

तीन आठवडे घेतला. रोज अर्क घेतल्यावर चिमूटभर मीठ जिभेवर ठेवून बघायचे. वाळू. एक दिवस रेखाच्या हातचं शेवटचं लिंबाचं लोणचं, जे त्यांनी इकडे येताना बरणीच्या तळाशी उरलेलं आणलं होतं आणि तीन वर्षं पुरवून ठेवलं होतं, त्यातली एक फोड तोंडात टाकली. फोड मऊ लागली, साल चिवट लागली. लोणचं मात्र लागलं नाही. त्या दिवशी काका बाथरूममध्ये नळ सोडून रडले.

आणि मग आला श्रावणातला रविवार. दरवर्षी या रविवारी यतिनकडे सत्यनारायण. वीसेक माणसं. गुरुजी मेलबर्नहून व्हिडिओ कॉलवर, फोन समईला टेकवून ठेवलेला. लॉयड आणि डोरीन दरवर्षी अगत्याने यायचे. लॉयड म्हणायचा, "तुमच्यातलं बाकी काही मला पटो न पटो, शिऱ्यावर माझी श्रद्धा आहे."

शिरा मितालीचा, सव्वाच्या मापाने. सकाळी दूध आटवताना तिच्या लक्षात आलं, केशर संपलंय. दुकानं उघडायची होती. हळदीकुंकवाची डबी घ्यायला देव्हाऱ्यापाशी गेली, गणपती जरा सरकला, आणि मागे 'केशर'! चांगली अर्धीअधिक भरलेली! "देव पावला ग बाई," म्हणाली, आणि होती तेवढी बाटली शिऱ्यात रिकामी केली. काका तेव्हा सोवळं नेसून फोनवर गुरुजींचा आवाज कमी-जास्त करण्यात गर्क. शिऱ्याला जरा बदामी रंग आला. चाखून बघायचा प्रश्नच नव्हता. रोजची आमटी काकांच्या तळहातावर चालायची, पण हा तर देवाचा प्रसाद. त्याला कुणाचीच जीभ नको.

आरती झाली. कागदी द्रोणांतून शिरा वाटला. सगळ्यांनी हात जोडून पहिला घास घेतला, आणि चमचे जागीच थांबले.

बघा, सत्यनारायणाच्या प्रसादाला नाही म्हणायची सोय नाही. नाही म्हणणाऱ्याचं काय होतं, हे गुरुजींनी तासभर पाच अध्यायांत सांगून आत्ताच फोन ठेवलेला. त्यामुळे वीसच्या वीस माणसांनी तो घास गिळला. गोड लागतो न लागतो तोच आंबट, आंबटाच्या मागून कडू, आणि घशाशी गेल्यावर वर औषधी ठसका. यतिनचा मित्र शंतनू भिंतीकडे तोंड करून फोटो बघायला लागला. त्या भिंतीवर फोटो नव्हता. कोणीतरी "वेगळा झालाय हं, वहिनी" म्हणालं. शंतनूने हळूच द्रोण सोफ्याखाली सारला.

एकटे विश्रामकाका प्रसन्न मुद्रेने चमचा चालवत होते. रवा छान फुललेला, काजू भरपूर. लॉयडला काय होतंय ते कळलं. त्याने काकांच्या पायावर पाय दिला. काकांना वाटलं, कौतुक करायचं राहिलं म्हणून खुणावतोय. मग काय, त्यांनी घसा खाकरला.

"मिताली!" खोलीभर ऐकू जाईल अशा आवाजात ते म्हणाले. "काय शिरा झालाय! आज मला रेखाच्या हातची आठवण झाली. आण, अजून वाढ!"

लॉयडने डोळे मिटून घेतले. मितालीने खूश होऊन डावभर वाढला. काकांनी तोही निम्मा संपवला. आणि तेवढ्यात कोपऱ्यातून मयूरा म्हणाली, "आजोबा, सीरियसली? हाऊ आर यू ईटिंग धिस? इट टेस्ट्स लाइक कफ सिरप अँड फीट!"

"मयूरा!" यतिन ओरडला. पण त्याच्या ओरडण्यात दम नव्हता, कारण त्याच्याही तोंडात तोच घास होता.

मितालीने अजून खाल्ला नव्हता, वाढणाऱ्याने शेवटी खायचं. तिने डावाला लागलेला शिरा बोटाने तोंडात टाकला. तिचं तोंड वाकडं झालं. मग तिने काकांकडे बघितलं. त्यांच्या हातातल्या अर्ध्या द्रोणाकडे बघितलं. चेहरा बदलत गेला तिचा, आणि काकांना समजलं की आता ही सोमवार-मंगळवारची गणितं मांडतेय. चमचा हातातच राहिला.

तेवढ्यात डोरीनने वास घेतला. "अग बाई, हे तर माझं लिव्हरचं औषध! पाच चवींचं! फार गुणकारी, बरं का."

"लिव्हरला चांगलं असतं?" शंतनूने विचारलं. आणि सोफ्याखालचा द्रोण बाहेर आला. "फॅटी लिव्हर आहे ना मला." मग कोणी विचारलं झोपेला चालतं का, कोणी विचारलं गुडघ्यांना. जे तोंड लपवत होते तेच मागून खायला लागले. दोन बायकांनी तर डब्यात भरून घेतला. मघाशी देवाचा म्हणून जो गिळवत नव्हता, तो औषध म्हटल्यावर पुरेना.

मंडळी पांगली. दुपारी स्वयंपाकघरात मिताली कढई घासत होती. ती मशीनमध्ये मावायची नाही. काका दारात जाऊन उभे राहिले.

"डिसेंबरपासून," ते म्हणाले. "तापानंतर. काहीच लागत नाही."

"आठ महिने?" मितालीने घासणी आपटली. "आठ महिने बाबा? मी तीन कंपन्यांचं मीठ बदललं! मला वाटलं इथल्या चिंचेत खोट आहे. चित्रलेखाला सांगून मेलबर्नहून चिंच मागवली! यतिन येताना केबॅब खाऊन येतो, वास येत नाही का मला? आणि तुम्ही आपले, मीठ किंचित कमी, मीठ किंचित कमी!"

बाहेर यतिन हळूच गॅरेजकडे सटकला.

"सांगितलं का नाही?"

काकांनी दाराची चौकट नखाने खरवडली. मग म्हणाले, "सांगितलं असतं तर तू पळी घेऊन आली नसतीस."

"मग?"

"मग काय? तू विचारलं असतंस, हीटर लावू का. मी म्हटलं असतं, लाव. झालं. तू जी दहा मिनिटं उभी राहतेस ना, तेवढीच आहेत ग माझी दिवसाची. बाकीचा दिवस मी नुसता बसतो."

मितालीने आपटलेली घासणी उचलली. कढईकडे वळली आणि घासत राहिली. ती अजून ओरडली असती तर काकांना बरं वाटलं असतं.

सोमवारी यतिन त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेला. तापातल्या विषाणूने वासाची आणि चवीची नस दुखावलीय, परत येईल किंवा येणार नाही, रोज लवंग, लिंबू असले वास घेत राहा, असं डॉक्टरांनी सांगितलं. रक्तदाबाच्या गोळीबरोबर कुणाला न विचारता अर्क घेतला म्हणून काकांना चांगलं झापलं. शिऱ्याची गोष्ट मात्र त्यांनी दोनदा सांगायला लावली.

त्या संध्याकाळी साडेसहा वाजले. आत फोडणी तडतडली. काका सोफ्यावर बसले होते, उजवा हात सवयीने मांडीवर उताणा पडलेला. पळी आली नाही. सात वाजता जेवायला हाक आली. आमटीत मीठ अगदी बेताचं असावं, कारण यतिनने दह्याला हात लावला नाही आणि मयूराने सॉस मागितला नाही. मिताली आता स्वतःच चाखत होती. म्हणजे आपल्यावाचून घर सुधारलं होतं. पानावर सगळ्यांना त्यांची कीव येत होती, आणि काकांना ते मीठ जखमेवर पडल्यासारखं झोंबलं.

मंगळवारीही पळी नाही. मितालीने बाहेर येऊन विचारलं, "बाबा, हीटर लावू का?" काका म्हणाले, "लाव." त्यांनी हात शालीत ओढून घेतला.

बुधवारी आत वाल शिजत होते. साडेसहा होऊन गेले. काकांनी घड्याळाकडे बघायचंच नाही असं ठरवलं होतं, त्यामुळे किती होऊन गेले ते त्यांना नेमकं ठाऊक होतं. अकरा मिनिटं. पावलं वाजली. मिताली पळी घेऊन समोर.

"बाबा, हात."

"अग, सांगितलं ना तुला, मला आता—"

"चव कोण विचारतंय? चव माझी मी बघितली. वाल बोटचेपे झालेत का ते सांगा. मयूराला कळत नाही, यतिन गॅरेजमध्ये आहे, आणि माझी बोटं भाजतात."

काकांनी शालीतून हात काढला. तळहातावर चार वाल पडले, वाफाळलेले. एक उचलून त्यांनी अंगठा आणि बोटात धरला, आणि सवयीने डोळे मिटले. दाबला. वाल लोण्यासारखा पसरला. दुसरा दाबला, तोही. तिसरा, चौथा. कधीच शिजले होते. अजून गॅसवर ठेवले तर पिठलं होईल.

काकांनी डोळे उघडले. मिताली उभी होती, पळी हातात.

"कच्चे आहेत," काका म्हणाले. "दहा मिनिटं तरी लागतील."

मितालीने त्यांच्या तळहातावरच्या चार चपट्या वालांकडे बघितलं. मग आतल्या गॅसकडे बघितलं.

"हो का," ती म्हणाली, आणि सोफ्याच्या हातावर टेकली. "बरं, आज दुकानात काय झालं माहितीये का तुम्हाला?"